हेल्पर, ३ वर्षे

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत, आमच्या कारखान्याच्या गेटपासून थोडं पुढे, एक झेरॉक्सचं दुकान आहे. काचेवर पॅनकार्ड, आधार अपडेट, लाइट बिल, रेल्वे तिकीट अशी यादी चिकटवलेली आणि तिच्यात शेवटून दुसरी ओळ: ‘बायोडाटा करून मिळेल, ५० रुपये’. दुकानदाराच्या कॉम्प्युटरवर बायोडाटाची फाइल एकच आहे. मुलगा येतो, नाव सांगतो, जन्मतारीख आणि दहावी-बारावीचे टक्के सांगतो. दुकानदार आधीच्या मुलाचं नाव खोडून याचं टाकतो आणि प्रिंट काढतो. घाईच्या वेळी वडिलांचं नाव बदलायचं राहून जातं, मग एकाच वडिलांची तीन निरनिराळ्या आडनावांची मुलं एकाच दिवशी माझ्यासमोर येऊन बसतात.

कारखान्यात भरतीचं काम मी बघते, त्याला १६ वर्षं झाली. त्या फाइलची पहिली ओळ मला झोपेत विचारली तरी म्हणून दाखवीन: ‘टु वर्क इन अ चॅलेंजिंग एन्व्हायर्नमेंट’. मध्ये एमएस-सीआयटी, टायपिंगचा वेग, छंद: वाचन, संगीत ऐकणे, क्रिकेट. खाली वरील माहिती सत्य असल्याचं प्रतिज्ञापत्र, सही, स्थळ, दिनांक. माणूस कामाला येणार आहे, पण त्याने आजवर काय काम केलं हे त्या पानावर कुठेही नसतं. असतं ते फार तर एका ओळीत: ‘हेल्पर, ३ वर्षे’.

अशाच एका ‘हेल्पर, ३ वर्षे’वाल्या मुलाची गोष्ट सांगते. त्या दिवशी त्याच्या पुढचा उमेदवार आला नाही, म्हणून माझ्याकडे वीस मिनिटं रिकामी होती. नाहीतर चार मिनिटांत ‘कळवतो’ म्हणून मी त्याला मोकळं केलं असतं.

“दिवसभर काय करायचास तिथे?”

“काही नाही मॅडम. प्रेसवर डाय लावायची, माल काढायचा.”

“शिफ्टला किती वेळा डाय बदलायची?”

“आधी तीनदा. नंतर पाचदा.”

“नंतर म्हणजे कशानंतर?”

तो गप्प बसला. काहीतरी चुकीचं बोललो की काय, असा चेहरा. मग हळूहळू सांगायला लागला. शंभर टनी प्रेसवर, म्हणजे माल दाबून त्याला आकार देणाऱ्या यंत्रावर, डाय, म्हणजे साचा, बदलायला पाऊण-एक तास जायचा. त्यातला बराचसा वेळ स्पॅनर शोधण्यात, डाय घट्ट धरणाऱ्या क्लॅम्पखाली घालायचे पॅकिंगचे तुकडे जुळवण्यात आणि फोर्कलिफ्टची वाट बघण्यात. याने भंगारातले पट्टे कापून सगळ्या डायना एकाच उंचीचं पॅकिंग करून घेतलं. प्रत्येक डायचे बोल्ट आणि क्लॅम्प वेगळ्या ट्रेमध्ये ठेवले, ट्रेवर डायचा नंबर रंगवला. प्रेसच्या बेडच्या उंचीची एक ट्रॉली करून घेतली, म्हणजे डाय सरकवत न्यायची, फोर्कलिफ्टचं नावच नको. डाय वीस-बावीस मिनिटांत बदलायला लागली. सुपरवायझरने दोन महिन्यांनी बाकीच्या प्रेसनाही तसेच ट्रे करायला लावले.

याच गोष्टीसाठी आमच्याकडे बाहेरून सल्लागार बोलावतात. तो दोन दिवसांचं प्रशिक्षण घेतो, पडद्यावर जपानी शब्द दाखवतो आणि त्याचं बिल निघतं. आणि हा मुलगा म्हणत होता, काही नाही मॅडम.

नोकरीविषयी सल्ला देणारे हल्ली सगळीकडे एकच सांगतात: रेझ्युमेत जबाबदाऱ्यांची यादी देऊ नका, काय करून दाखवलं ते लिहा, आणि आकड्यांत लिहा. सल्ला बरोबर आहे. कॉलेजात बोलावतात तेव्हा मीही हेच सांगते. पण गेली काही वर्षं हे सांगताना माझी जीभ जरा अडखळते. कर्तृत्व लिहायचं तर आधी कामाची नोंद हवी. आणि माणसाच्या हातून झालेल्या कामाची नोंद कुठेच राहणार नाही, अशी व्यवस्था आपण घरापासून कारखान्यापर्यंत पक्की करून ठेवली आहे. मग शेवटच्या क्षणी, अर्जाच्या आदल्या रात्री, त्या मुलाला म्हणायचं की लिही तुझी कामगिरी. कुठून लिहील?

सुरुवात घरापासून. स्वतःविषयी चांगलं बोलणं आपल्याकडे शोभत नाही. समर्थांच्या मूर्खलक्षणांत आपणच आपली स्तुती करणारा येतो, हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच ओवीत वडिलांची कीर्ती सांगत फिरणाऱ्यालाही मूर्खच म्हटलं आहे, हे मात्र आपण सोयीने विसरलो. कारण आपला बायोडाटा वडिलांपासूनच सुरू होतो. वडिलांचं नाव, वडिलांचा व्यवसाय, जात, धर्म, मूळ गाव, मग भाऊ किती आणि बहिणी किती. तीन वर्षांत काय केलं याला एक ओळ आणि कुठल्या घरातला आहे याला आठ. ‘बायोडाटा’ हा शब्दच आपण लग्नाकडून नोकरीकडे आणला की नोकरीकडून लग्नाकडे नेला, कोण जाणे. दोन्ही फाइली एकाच कॉम्प्युटरवर असल्यामुळे एकदा माझ्याकडे आलेल्या अर्जात वर गणपतीचं चित्र, खाली रास, नाडी, मामाचं गाव, आणि अगदी तळाला ‘अपेक्षा: अनुरूप’ असं होतं. त्या मुलाला मी नोकरी दिली. अपेक्षा वाजवी होती.

हसण्यावारी नेलं तरी यामागची समजूत साधी नाही. माणसाची किंमत त्याच्या घराण्यावर ठरते, त्याने केलेल्या कामावर नाही, असं ते पान न बोलता सांगत असतं. त्यामुळे कर्तृत्व आधी लिहा या सल्ल्याला मी पाश्चात्त्य फॅड म्हणून झटकणार नाही. ज्याच्या मागे सांगण्यासारखं घराणं नाही, त्याच्याजवळ सांगायला दुसरं असतं तरी काय?

आता भाषा. मराठीत ‘मी भिंत बांधली’ म्हटलं, तर क्रियापद भिंतीच्या मागे जातं. बांधणारा पुरुष असो की बाई, एक असो की दहा, ‘बांधली’ ते ‘बांधली’च. व्याकरणाने याला कर्मणी प्रयोग म्हटलं आहे. यात वाईट काहीच नाही, कारण कर्ता निदान वाक्यात हजर तरी आहे. पण शाळा सुटली की आपण जी मराठी वाचतो ती बहुतेक सरकारी, आणि तिच्यात तोही उरत नाही. भिंत बांधण्यात आली. उपाययोजना करण्यात आली. वृक्षारोपण संपन्न झालं. कोणी केलं, ते फलकावर, आणि फलकावर मंत्र्याचं नाव. अशा भाषेत वाढलेला मुलगा ‘डाय बदलण्याचा वेळ मी कमी केला’ असं वाक्य मनात जुळवायला गेला, की त्यातला ‘मी’ त्याला अंगावर आल्यासारखा वाटतो. ‘आम्ही’ म्हणतो, ‘झालं’ म्हणतो, नाहीतर ‘काही नाही’ म्हणतो.

त्यातून रेझ्युमे इंग्रजीतच हवा. का हवा, हे मी आमच्याच व्यवस्थापनाला विचारलं, तेव्हा ‘पद्धत आहे’ एवढंच उत्तर मिळालं. प्रेसवर शिफ्टभर मराठी आणि हिंदी बोलली जाते. सुपरवायझर मराठीत ओरडतो, मशीनवरचा इशारा मराठीत रंगवलेला असतो. फक्त तिथे काम करायला येणाऱ्याने आपली ओळख इंग्रजीत करून द्यायची. ज्या भाषेत तो विचार करत नाही त्या भाषेत त्याला स्वतःच्या बुद्धीचा दाखला द्यायचा आहे, म्हणून तो ५० रुपये देऊन दुसऱ्याची वाक्यं विकत घेतो. मला तर तो या व्यवहारात शहाणाच वाटतो.

कॉलेजात तरी कामाची नोंद करायला शिकवत असतील, असं कुणाला वाटेल. आपल्याकडे इंजिनिअरिंग आणि पदविकेच्या मुलांना खरोखरच नोंदवही असते, तिला जर्नल म्हणतात. प्रयोग केला, काय दिसलं, निष्कर्ष काय, असं सगळं तिच्यात लिहायचं. कल्पना उत्तम. प्रत्यक्षात सबमिशनच्या आदल्या रात्री वरच्या वर्गातल्या मुलाची जर्नल आणून ती उतरवून काढतात. ड्रॉइंगच्या शीटसाठी काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट गिरवायची, त्याला ‘जीटी मारणं’ म्हणतात, म्हणजे ग्लास ट्रेसिंग. निरीक्षणंसुद्धा गेल्या वर्षीची. उत्तर ठरलेलंच असल्यामुळे उपकरणावरचं रीडिंग त्या उत्तरावरून उलटं काढतात. सर सही करतात, त्यांनाही माहीत असतं. प्रयोग एक आणि नोंद दुसरीच, हे चार वर्षं अंगवळणी पडतं. त्या मुलाने पुढे रेझ्युमे कुणाचा तरी उतरवला तर त्यात नवल ते काय? आम्हीच शिकवलं.

(मीही एका शीटची जीटी मारली होती. मशीन ड्रॉइंगची. आजही तो जोड मला काढता येत नाही.)

घर झालं, शाळा झाली, आता माझी बाजू. सगळ्यात मोठा दोष इथे आहे आणि सल्ला देणारे नेमके इथेच गप्प असतात.

त्या मुलाची तीन वर्षं ठेकेदाराच्या कागदावर पाच तुकड्यांत होती. बारा महिन्यांत २४० दिवस भरले की कामगाराला कायद्याने काही हक्क मिळायला लागतात, म्हणून सात महिने झाले की ‘ब्रेक’ द्यायचा, ही रीत औद्योगिक वसाहतीत पोराटोरांनाही माहीत आहे. महिनाभर घरी बसवायचं, मग त्याच प्रेसवर, कधी त्याच ठेकेदाराकडे, कधी दुसऱ्याच्या नावावर, पुन्हा घ्यायचं. काम सलग, कागद तुटक. प्रामाणिकपणे लिहिणारा मुलगा ते पाच तुकडे जसेच्या तसे लिहितो, आणि माझ्यासारखी बाई ते बघून म्हणते, हा कुठे टिकतच नाही. अशा किती मुलांचे अर्ज मी बाजूला ठेवले असतील, ते आठवून आता काही उपयोग नाही. ज्या आम्ही त्यांचे तुकडे केले, त्याच आम्ही त्यांना तुटके म्हणून नाकारत होतो. या मुलाने ते सरळ एका ओळीत ‘३ वर्षे’ केले होते. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं म्हणता येईल. मला ते त्या पानावरचं सर्वांत खरं वाक्य वाटलं.

भविष्यनिर्वाह निधीचा कायदा २० किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला लागू होतो. त्यामुळे १९वर थांबलेली, निदान कागदावर थांबलेली, वर्कशॉपं कमी नाहीत. तिथे रोख पगारावर पाच वर्षं लेथ चालवलेल्या माणसाकडे लेथ चालवल्याचा पुरावा म्हणून हाताच्या बोटांवरच्या खुणा असतात. मोठ्या कारखान्यांत १९४६ च्या स्थायी आदेशांच्या, म्हणजे नोकरीच्या अटींच्या, कायद्याखाली जे नमुना आदेश होते, त्यांत नोकरी सुटताना सेवेचं प्रमाणपत्र मिळण्याचा हक्क कायम कामगाराला होता. कायम कामगाराला, एवढं लक्षात ठेवा. ठेक्यावरच्याला कोण विचारतो. २०२५ च्या नोव्हेंबरात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या, त्यांत सर्व कामगारांना नियुक्तिपत्र देणं बंधनकारक झालं आहे. चांगली गोष्ट आहे. पण नियुक्तिपत्र हा येतानाचा कागद. त्यावर ‘हेल्पर’ लिहिलेलं असेल. जाताना तो काय होऊन गेला, हे कुठल्या कागदावर लिहायचं?

आमच्या कारखान्याचं अनुभवपत्र मी इतकी वर्षं काढत आले. ‘अमुक व्यक्ती अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत आमच्याकडे कार्यरत होती. तिची वर्तणूक समाधानकारक होती. भावी आयुष्यासाठी शुभेच्छा.’ वर्तणूक! तुरुंगातून सुटणाऱ्याला द्यावा तसा दाखला. आणि तोही मागितल्याशिवाय मिळत नाही, राजीनामा दिल्यावर हिशेब पूर्ण होईपर्यंत मिळत नाही, सुपरवायझरशी वाजलं असेल तर कधीच मिळत नाही. एखाद्याने पाच प्रेसचे ट्रे बदलवले, हे लिहायला आम्हाला काय खर्च येतो? शाईचासुद्धा नाही, प्रिंटर आहे. लिहीत नाही, कारण लिहिलं तर तो दुसरीकडे जास्त पगार मागेल, ही धास्ती. दुसरं कारण त्याहून साधं आहे. त्याने काय केलं ते आम्हालाच माहीत नसतं.

बायकांच्या बाबतीत तर हे सगळं दुप्पट. चार-पाच वर्षांपूर्वी स्टोअरसाठी क्लार्क हवा होता. एक चाळिशीतल्या ताई आल्या. बी.कॉम. झालेल्या, त्यापुढे १४ वर्षं ‘गृहिणी’. मी नियमाप्रमाणे विचारलं, मधल्या काळात काही केलं का? म्हणाल्या, नाही. जाताजाता त्यांच्या पिशवीतून एक लांबट वही डोकावत होती, तीवरून विषय निघाला. त्या गावातल्या बचत गटाच्या सचिव होत्या. १२ बायकांचा गट, ९ वर्षं. दर महिन्याची बैठक, बचत, गटातल्या गटात दिलेलं कर्ज, त्यावरचं व्याज, बँकेच्या कर्जाचा हप्ता, सगळं त्यांच्या हातचं. वही मी उघडून बघितली. शाईने आखलेले रकाने, प्रत्येक पानाखाली जमा आणि शिल्लक, एका ठिकाणी चुकलेला आकडा एका रेघेने खोडून वर दुरुस्ती आणि शेजारी तीन बायकांच्या सह्या, एकीचा अंगठा. आमच्या स्टोअरच्या रजिस्टरमध्ये पांढरी शाई फासून आकडे बदललेले असतात. हिशेबनीस म्हणून माणूस निवडताना मी नेमकं हेच बघत असते: चूक झाली तर तो ती कशी दाखवतो.

“ताई, हे का नाही लिहिलंत?”

“ते काय काम आहे का मॅडम? ते आपलं गटाचं.”

बचत गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम नाबार्ड या ग्रामीण विकासाच्या बँकेने १९९२ साली सुरू केला. आपल्याकडे माविम, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळ, तर १९७५ पासून बायकांसाठी काम करतंय. गटाच्या पंचसूत्रीत बैठक, बचत, अंतर्गत कर्ज आणि परतफेडीइतकंच महत्त्व हिशेब लिहिण्याला आहे. म्हणजे या राज्यात गावोगावी अशा बायका बसल्या आहेत ज्यांच्याकडे आपल्या कामाची, तारखेनिशी, सह्यांनिशी, लेखी नोंद आहे. इंजिनिअरिंगच्या जर्नलपेक्षा किती तरी खरी. आणि त्या तिला काम मानत नाहीत, कारण पगार नव्हता. रेझ्युमे लिहायला शिकवायचाच असेल तर मी आधी कॉलेजात न जाता गटाच्या बैठकीला जाईन.

दुसऱ्या बाजूचं बोललं नाही तर हा लेख लबाड ठरेल. ‘आकड्यांत लिहा’ या सल्ल्याचं गेल्या तीन-चार वर्षांत काय झालं तेही मी रोज बघते. मुलं आता चॅटजीपीटीकडून रेझ्युमे लिहून घेतात आणि त्यात प्रत्येकाने काहीतरी ३० टक्क्यांनी वाढवलेलं किंवा घटवलेलं असतं. मध्यंतरी एका मुलाने ‘उत्पादकतेत ३० टक्के वाढ घडवून आणली’ असं लिहिलं होतं. मी विचारलं, ३० टक्के कशाचे? त्याने खाली पानाकडे बघितलं, जणू तिथे उत्तर असेल. त्याच दिवशी आलेल्या दुसऱ्या अर्जात हेच वाक्य, फक्त टक्के २५. कौशल्यांपुढे तारे काढायची नवी तऱ्हा आली आहे, त्यात एकाने मराठीपुढे पाचपैकी चार तारे दिले होते. सातारचा मुलगा. पाचवा तारा कुठे हरवला, विचारायचं धाडस मला झालं नाही.

पूर्वी झेरॉक्सवाल्याची फाइल होती, आता यंत्राची आहे. पूर्वीच्या फाइलमध्ये मुलगा दिसत नव्हता, नव्या फाइलमध्ये भलताच मुलगा दिसतो. पूर्वीची निदान निरुपद्रवी होती. ज्याने खरोखर डायचा वेळ अर्ध्यावर आणला, त्याचा आकडा आता या खोट्या आकड्यांच्या गर्दीत आला की तोही खोटाच वाटतो. तरीही मी आकडे नकोत म्हणणार नाही. आकड्याच्या आधी ‘आधी’ आणि ‘नंतर’ हवेत. आधी तीनदा, नंतर पाचदा. मध्ये काय केलं, ते दोन वाक्यांत. यंत्र आकडा देऊ शकतं, पण ‘नंतर म्हणजे कशानंतर’ या प्रश्नाचं उत्तर ज्याने ट्रे रंगवले त्यालाच देता येतं. आणि तो प्रश्न विचारायचं काम माझं आहे. चार मिनिटांत मुलाखत उरकणाऱ्या आम्ही लोकांनी रेझ्युमेतल्या खोटेपणावर तोंड वर करून बोलू नये.

आणखी एक गोष्ट आहे, ती टाळून पुढे जाता येत नाही. कर्तृत्व कितीही नेटकं लिहिलं तरी पानाच्या डोक्यावर आडनाव असतं. अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि न्यूयॉर्कचे समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांनी २००७ साली इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले, फरक फक्त नावांत. दलित वाटणाऱ्या नावाला पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याच्या शक्यतेचं प्रमाण उच्चवर्णीय हिंदू नावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघालं, मुस्लिम नावाला एक-तृतीयांश. शिक्षण तेच, नाव वेगळं. महाराष्ट्रात आडनाव ऐकून तालुका आणि जात सांगणारे लोक चहाच्या टपरीवर भेटतात, भरतीच्या खुर्चीत ते नसतील असं कोणी समजू नये. अभ्यास जुना आहे, पण खुर्चीत बसून मी जे ऐकते ते फार जुनं झालेलं नाही. ‘घरचं वातावरण कसं आहे’ हा प्रश्न मुलाखतीत अजून विचारतात आणि विचारणाऱ्याला तो आपुलकीचा वाटतो. म्हणून ‘चांगला रेझ्युमे लिही, नोकरी मिळेल’ असं छातीठोक सांगणाऱ्यांशी माझं पटत नाही. चांगला रेझ्युमे एवढंच करतो, की नाकारणाऱ्याला कारण शोधावं लागतं.

मग करायचं काय? माझ्या मागण्या थोड्या आहेत आणि कुणाला फार खर्चात पाडणाऱ्या नाहीत. कामावरून जाणाऱ्या प्रत्येक माणसाला, ठेक्यावरच्यालाही, न मागता एक पान मिळावं आणि त्यावर त्याने हाताळलेली यंत्रं, शिकलेलं काम आणि केलेली एखादी सुधारणा लिहिलेली असावी, सुपरवायझरच्या सहीने. वर्तणुकीची ओळ काढून टाकावी. ब्रेकचे तुकडे अनुभवपत्रात एकत्र धरावेत. शिकाऊ उमेदवारांनी कामाची नोंद ठेवावी अशी तरतूद नियमांत आहेच, ती वही कोणीतरी खरोखर वाचावी. २०२४ साली राज्य सरकारने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, बारावी झालेल्याला महिन्याला ६,०००, आयटीआय आणि पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन. पैशांबरोबर शेवटच्या आठवड्यात प्रत्येकाकडून, त्याच्या स्वतःच्या मराठीत, ‘मी इथे काय केलं’ एवढं एक पान लिहून घेतलं, तर विद्यावेतन संपल्यावरही हातात काही उरेल.

आणि अर्ज मराठीत घ्यावेत. निदान अर्धं पान. आमच्याकडे मी हे दोन वर्षांपूर्वी हट्टाने सुरू केलं. छापील फॉर्मच्या मागच्या बाजूला एकच प्रश्न: ‘आधीच्या कामावर तुम्ही बदललेली एखादी गोष्ट सांगा. आधी कसं होतं, नंतर कसं झालं?’ बरेच जण कोरं सोडतात. काही जण लिहितात, आणि शुद्धलेखनाच्या चुकांसकट जे लिहितात, ते वाचायला मी कॅन्टीनमध्ये जाताना कागद बरोबर घेते.

हा प्रश्न त्या ‘हेल्पर’ मुलामुळे सुचला. त्याला त्या दिवशी मी म्हटलं होतं, अरे, हे सगळं लिहून आण, जसं मला सांगितलंस तसंच. तो तिसऱ्या दिवशी आला. वहीचा फाडलेला कागद, निळी शाई. वर नाव, त्याखाली थेट प्रेसची गोष्ट. ट्रे, नंबर, पॅकिंगची उंची मिलिमीटरमध्ये, आधीची वेळ, नंतरची वेळ. ‘मी’ फक्त दोनदा आला होता, पण आला होता. मी वाचत असताना तो खुर्चीच्या कडेला बसून होता.

“मॅडम, एक विचारू? ट्रॉली मी सांगितली, पण वेल्डिंग आमच्या तिथल्या मामांनी केलं होतं. त्यांचं पण टाकू का?”

“टाक की.”

त्याने माझ्याकडून पेन घेतलं आणि समासात, आडव्या अक्षरांत, लिहिलं: ट्रॉलीचं वेल्डिंग मामांनी केलं, जेवणाच्या सुट्टीत.